मागचे पट्टे

डाव्या ब्रेकचा दोर तुटला
तेव्हा आवाज काहीच झाला नाही.
नुसती मूठ आली हातात, पिवळी, हलकी,
फुगा उडाल्यावर पोराकडे काडी राहते तशी.
ती मी गळ्यापाशी कपड्यात खोचली.
का, ते विचारू नका.

सव्वीसशे फूट.
खाली बोरामणीचा माळ, ज्वारीची धसकटं,
हैदराबाद रस्त्यावर ट्रकांच्या मुंग्या,
आणि पार तिकडे धुरकट, पसरलेलं सोलापूर.
त्यातल्या कुठल्यातरी पत्र्याखाली
नान्ना आत्ता टॉवेलच्या मागावर उभे असतील
आणि त्यांच्या हिशेबाने मी बँकेच्या क्लासला बसलेली.

उजवा ब्रेक शाबूत होता.
मोह तिथंच असतो.
इरण्णा सरांनी शेडमध्ये
मला लोंबत्या पट्ट्यांत तासभर टांगून सांगितलेलं,
"ए चिलवेरी, एका हाताला दोर, दुसऱ्याला पट्टा,
असं करू नको बे. एका घरात दोन कायदे चालत नाहीत.
चांगला असला तरी तोही सोड.
दोन्ही हात मागच्या पट्ट्यांना.
आणि जमणार नसेल तर ते वर ठरव की,
अठराशेच्या खाली ठरवाठरवी नाही."

सोडला.
चालती वस्तू हातातून सोडताना
आमच्या घरात कुणाचाही हात अडखळेल;
बॉबिनवर उरलेलं सूतसुद्धा आम्ही डब्यात ठेवतो.

पट्टे कडक.
ब्रेक म्हणजे दाराची कडी, हे म्हणजे अख्खं दार.
उंची होती तोवर ओढून पाहिलं,
एक बोट, दोन, चार,
पाचव्याला छत्री थरथरली
आणि मान टाकून मागं ढासळली.
सावकाश सोडलं. भरली.
पुन्हा पाहिलं. तिथंच.
म्हणजे चार बोटं. एवढीच माझी मुभा.
बाकीच्या हाताला जमिनीजवळ काही काम नाही.

लहानपणी नान्ना शिकवायचे,
सूत तुटलं की आधी माग थांबव,
मग गाठ शोध.
खरंय.
पण हा माग थांबत नाही.

वीटभट्टीचा धूर पूर्वेला कललेला,
म्हणजे तोंड पश्चिमेला. म्हणजे घराकडे.
वळायचं ते वरच वळून घेतलं, थोडं थोडं,
आणि मग हात वर, सरळ,
काहीच न करता खाली येत राहिले.
काहीच न करणं फार जड असतं.

धसकटं एकेक सुटी दिसायला लागली
तेव्हा सगळं अंग म्हणालं, ओढ.
अंगाला काय कळतं.
"दहा फुटांवर मेलेली छत्री म्हणजे चादर,
आणि आपल्या गावात चादरींना तोटा नाही,"
हेही सरांचंच.

थांबले.
अजून थांबले.
मग एक. दोन.
जमीन आडवी धावायला लागली पायाखालून.
तीन.
चौथं ओढलं की नाही, आठवत नाही.
वेग उरलेला, पळून जमणार नव्हतं;
पाय जुळवले, गुडघे जुळवले,
पोटरी, मांडी, खांदा, तशी लोळत गेले
आणि तोंडात माती आली,
काळी, कोमट, थोडी खारट.

सर मोटारसायकल आडवी टाकून धावत आले.
आधी माझे घोटे दाबले, मग शिव्या दिल्या,
मग कितीतरी वेळ
दुसरीकडेच बघत बसले.

रात्री कपडे वाळत टाकताना
मूठ नान्नांच्या पायाशी पडली.
त्यांनी उचलली, चष्मा वर केला,
दोराचं टोक दोन बोटांत फिरवलं,
ओठांना लावून पाहिलं.
"बिड्डा, हे तुटलेलं नाही. झिजलेलंय.
कित्येक दिवस झिजत होतं.
कुणी बघितलं नाही?"

मी गप्प.
ते टोक दिव्याजवळ नेऊन
ते पुन्हा म्हणाले, अगदी हळू,
"तुमच्या बँकेच्या क्लासात
फार चांगलं सूत वापरतात गं."